वंशावळीत नसलेली पणजी

प्रश्न : आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात आहे. पणजोबा 1918 च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत वारले आणि पणजीने दोन लहान मुलांना एकटीने वाढवले, एवढेच आजोबा सांगत. भावकीकडच्या वंशावळीत पुरुषांच्या अकरा पिढ्या आहेत, पण पणजीचे नाव नाही. तिच्याविषयी काही कळू शकेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कळू शकेल, मात्र त्यासाठी वंशावळ थोडा वेळ बाजूला ठेवावी. वंशावळी बहुधा वतन आणि वाटणीच्या कामासाठी लिहिल्या गेल्या, त्यामुळे ज्यांच्यावरून हक्क ठरतो तेवढीच माणसे त्यांत आली.

आरंभ पणजोबांच्या मृत्यूपासून करावा. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्यात असतात, आणि जुनी पुस्तके तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळू शकतात. सप्टेंबर ते डिसेंबर 1918 ची पाने मागावीत. मृत्यूचे कारण नुसते ‘ताप’ असे लिहिलेले आढळले तर निराश होऊ नये, कारण त्या साथीतले पुष्कळ मृत्यू याच एका शब्दाखाली नोंदले गेले. लेखन मोडीत असण्याचा संभव आहे, तेव्हा जाणकार वाचक सोबत न्यावा.

त्यानंतरचा वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावे झाल्याची नोंद, मात्र सावकाश वाचावा, कारण पणजी भेटण्याची खरी शक्यता तिथे आहे. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा 1937 चा कायदा होण्यापूर्वी, मुलगे असताना विधवेला पतीच्या जमिनीत वारसा मिळत नसे, तिचा हक्क पोटगीपुरताच असे. म्हणून जमीन अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांच्या नावे लागलेली दिसेल आणि त्यापुढे ‘अ.पा.क. आई’ अशी अक्षरे व तिचे नाव असू शकेल. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. या जागी आईऐवजी चुलत्याचे नाव निघाले, तर ‘एकटीने वाढवले’ या घरातल्या आठवणीकडे पुन्हा एकदा पाहावे लागेल. आणि पुढच्या फेरफारांत गहाण किंवा विक्री दिसली, तर ती वर्षे तिने कशी काढली याचा अंदाज येईल. आजोबा शाळेत गेले असल्यास शाळेच्या जनरल रजिस्टरात पालक म्हणून कोणाचे नाव आहे, तेही पाहावे.

राहिले माहेर. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्याने माहेरच्या कागदांत ती दुसऱ्याच नावाने असेल. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ‘पणजीचे माहेर कोणते’ असे विचारण्याऐवजी ‘आजोबांचे मामा कुठले’ असे विचारावे. उत्तर लवकर मिळते. गाव आणि आडनाव हाती आले की नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथील त्या गावाच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या वह्या ठेवणाऱ्या पुरोहितांकडे, वही पाहायला मागावी. यात्रेला आलेल्या यजमानाने तिथे घरच्या माणसांची नावे सांगितलेली असतात, आणि अक्षर येत असेल तर खाली स्वतःची सही केलेली असते.