पोकलेन, ड्रिलिंग मशीनसारखी अवजड यंत्रं हवाई दलाच्या विमानातून सुरक्षित कशी नेतात?

तुमचा प्रश्न असा : उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात कामगार अडकले तेव्हा हवाई दलाने ड्रिलिंगचं यंत्र विमानातून नेलं, एवढं लोखंड हवेत हललं तर काय होईल, आणि तुमच्या भाड्याच्या पोकलेन, लोडरवर उद्या अशी वेळ आली तर तयारी काय ठेवायची. माझी नोकरी मालवाहू विमानांवरच झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वजनाची फार काळजी करू नका. हवाई दलाचं मोठं मालवाहू विमान सी-१७ ग्लोबमास्टर सुमारे ७७ टन माल उचलतं, वीस टनांचा पोकलेन त्याला काहीच नाही. घात होतो तो यंत्र जागचं सरकल्यामुळे. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बग्राम तळावरून एक बोइंग ७४७ निघालं. विमान मुलकी कंपनीचं, पण पोटात लष्कराच्या पाच चिलखती गाड्या. उड्डाण घेतानाच किमान एक गाडी सुटून मागे गेली आणि तिने हायड्रॉलिक यंत्रणा व शेपटीचा आडवा पंख हलवणारे भाग मोडले. विमानाचं नाक वर चढत गेलं, ते खाली आणायला वैमानिकांच्या हातात काहीच उरलं नाही. विमानातले सातही जण गेले. गाड्या बांधण्याची त्या कंपनीची पद्धतच अपुरी होती, असं तपासात निघालं. ही दुर्घटना या कामातल्या प्रत्येकाने मुळापासून वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून बांधणीचा हिशोब अंदाजाने करत नाहीत. सी-१३० (हर्क्युलस, सी-१७ पेक्षा लहान मालवाहू विमान), सी-१७ सारख्या विमानांत माल पुढच्या दिशेने स्वतःच्या वजनाच्या तिप्पट जोर सहन करेल असा बांधतात. मागच्या दिशेला आणि दोन्ही बाजूंना दीडपट, वरच्या दिशेला दुप्पट. आता तुमचा १२ टनांचा लोडर घ्या. पुढच्या दिशेसाठी ३६ टनांची पकड हवी. जाड साखळी ताकदीने साधारण ११ टनांची, पण ती तिरकी बांधावी लागते. जमिनीपासून ३० अंश आणि बाजूला ३० अंश धरली, तर सरळ दिशेला तिची पाऊणच ताकद मिळते, म्हणजे सव्वाआठ टन. चार साखळ्यांनी ३३ टनच होतात, पाच लागतात. पण दोन्ही बाजूंना ओढ सारखी हवी, म्हणून सहा. या झाल्या फक्त पुढच्या दिशेच्या. मागच्या दिशेच्या वेगळ्या मोजायच्या, कारण साखळी एकाच दिशेला ओढते. शिवाय साखळी कितीही दणकट असली तरी ती यंत्राला जिथे अडकवली ती जागा तेवढी दणकट हवी. पायरी, रेलिंग, हायड्रॉलिकचा पाइप यांना साखळी लावायची नाही. कंपनीने दिलेल्या हुकांना किंवा मुख्य चासीलाच लावायची.

दुसरी गोष्ट तोल. प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं घेऊन यंत्राच्या तोलाचा मध्य काढतात. पुढच्या टोकापासून दीड मीटरवर ६ टन आणि साडेचार मीटरवर ९ टन असतील, तर तोलाची जागा येते ३.३ मीटरवर. तिथे दोन्ही बाजूंना ठळक खूण करतात, आणि ती खूण विमानात कुठे यायला हवी हे लोडमास्टर, म्हणजे विमानातल्या मालाची जबाबदारी असलेला माणूस, ठरवतो. एकूण वजन बरोबर असलं तरी ते चुकीच्या जागी ठेवलं, तर विमान उडवणं अवघड होऊन बसतं.

लाकडाशिवाय हे काम होतच नाही. पोकलेनची पोलादी साखळपट्टी विमानाच्या फरशीवर थेट टेकू देत नाहीत, खाली फळ्या हव्यातच. लोडरचं दुखणं निराळं. त्याला स्प्रिंग नसतात, मोठे टायर असतात. विमानाला गचके बसले की तो टायरवर उसळतो आणि साखळ्या ढिल्या पडतात. म्हणून अवजड लोडरच्या चासीखाली लाकडी ठोकळे रचून भार त्यांच्यावर घेतात.

चढवताना खरी परीक्षा विमानाचा रॅम्प (चढण्याचा उतार) संपून फरशी सुरू होते त्या कंगोऱ्यावर. लांब यंत्राचं पोट तिथे टेकतं, नाहीतर केबिन छताला भिडते. सी-१३०जे मध्ये उंची जेमतेम पावणेतीन मीटर, रुंदी तीन मीटरच्या आसपास. त्यामुळे केबिन, बूम, बकेट सुटं करावं लागतं. यंत्र आत घेताना खुणा करणारा माणूस एकच असावा. दोघांनी दोन बाजूंनी ओरडायला सुरुवात केली की ऑपरेटर गोंधळतो.

सिलक्याराला हे सगळं पणाला लागलं. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी ४१ कामगार अडकले. सुमारे २५ टनांचं ऑगर यंत्र (ढिगाऱ्यात आडवं भोक पाडणारं) सुटे भाग करून दिल्लीहून हर्क्युलस (सी-१३०जे) विमानांनी उत्तराखंडातल्याच चिन्यालीसौडच्या तोकड्या धावपट्टीवर आणलं. तिथे माल उतरवायची यंत्रसामग्री नव्हती, तेव्हा विमानाच्या उंचीला जुळेल असा मातीचा रॅम्प बांधला आणि सामान उतरवलं. दुसरं यंत्र सी-१७ ने इंदूरहून डेहराडूनला आणलं, पुढे रस्त्याने. उभ्या ड्रिलिंगचं अवजड सामान मात्र विमानाने नेता येणार नव्हतं, ते जमिनीवरूनच आणावं लागलं. २८ नोव्हेंबरला सगळे कामगार सुखरूप बाहेर आले. तो मातीचा रॅम्प मला त्या सगळ्या धावपळीतली फार मोठी गोष्ट वाटते, कारण माल चढवण्याआधीच तो कसा उतरवायचा हे ठरवावं लागतं.

आता तुमच्यासाठी. वजनकाट्यावर यंत्राचं वजन ॲक्सलप्रमाणे घेऊन पावती जपून ठेवा. लांबी, रुंदी, उंची स्वतः टेपने मोजा, कॅटलॉगवर विसंबू नका. मागाहून बसवलेला दिवा किंवा छप्परही उंची वाढवतं. चिखल, खडी धुऊन काढा. टाकीत डिझेल किती ठेवायचं हे हवाई दलाला विचारा, पूर्ण भरून आणू नका. तेलाची गळती असेल तर आधी दुरुस्त करा, कारण उंचीवर दाब कमी होतो आणि गळणारं जास्त गळतं. आणि यंत्राबरोबर त्याचा रोजचा ऑपरेटर व सुटे भाग जोडणारा फिटर द्या. बूम कुठून सुटतो आणि कोणत्या पान्याने, हे त्यांना तोंडपाठ असतं.