एमएस-सीआयटी झालंय, तरी ऑफिसात संगणकाची भीती वाटते. काय करू?

ताई, मी जालन्याकडं एका तालुका कचेरीत लिपिक आहे. सर्टिफिकेट माझ्याकडंही होतं, पण पहिलं वर्षभर माझी पत्रं शेजारचे भाऊसाहेबच टाइप करून द्यायचे. मदत म्हणूनच, पण त्यानंच माझा हात बसला नाही.

आधी मराठी टायपिंग पक्कं करा. इनस्क्रिप्टमध्ये (ही मराठी कीबोर्डची एक मांडणी) स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि जोडाक्षराला मध्ये डी. के, डी, एल दाबलं की ‘क्त’ उमटतं. एवढं कळलं की निम्मी भीती जाते. रोज अर्धा तास, महिनाभर करा. मग एक्सेल: बेरीज, सॉर्ट, फिल्टर. सध्या बास.

आयगॉट कर्मयोगी पोर्टलवर सरकारी कर्मचाऱ्यांना कोर्स फुकट आहेत, पण नुसते व्हिडिओ बघून बोटं वळत नाहीत. आमच्या गावातल्या अंगणवाडी सेविका २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदी भरायचं मोबाइल ॲप आलं तेव्हा रडकुंडीला आल्या होत्या. रोज भरावंच लागलं, म्हणून शिकल्या. आता त्याच दुसऱ्यांना दाखवतात.

आणि पासवर्ड कुणाला देऊ नका, ‘द्या ताई, मी भरतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. नोंद चुकली तर खुलासा तुमच्याकडूनच मागतात.