सार्वमत २०१६ ला झालं, मग ब्रिटनला युरोपियन युनियनमधून बाहेर पडायला २०२० का उजाडलं?

खरी गोची आयर्लंडच्या सीमेची. मार्च २०१७ मध्ये कलम ५० खाली (युनियनच्या करारातलं बाहेर पडण्याचं कलम) नोटीस गेली, मुदत दोन वर्षांची. घरात एकमत नसताना ही घाई कशाला केली, हे मला तरी कळलेलं नाही. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, शेजारचं आयर्लंड युनियनमध्ये. मधे जकात नाकी उभारली तर उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता कराराला धक्का. त्यावरचा तोडगा असलेला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेनं तीनदा फेटाळला. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी मालाची तपासणी आयरिश समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनच्या मधे ढकलली आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. व्यापार करार मात्र त्या वर्षी २४ डिसेंबरला, म्हणजे जुने नियम संपायला आठवडा उरला असताना, अगदी काठावर! उत्तर आयर्लंडचं घोंगडं त्यानंतरही २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कपर्यंत (ब्रिटन आणि युनियनमधला या तपासणीबद्दलचा नवा समझोता) भिजत राहिलं.