टिपणं कुठं ठेवायची?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

फोन पाण्यात पडला आणि वर्षभराच्या नोट्स गेल्या, हे वाचून वाईट वाटलं. खरं सांगायचं तर जरा हसूही आलं, कारण मला इस्लामी तत्त्वचिंतक अल-गझाली आठवला. अकराव्या शतकातली गोष्ट. इराणमधल्या तूसचा हा तरुण जुरजानला शिकून घरी निघाला होता. वाटेत लुटारूंनी सगळं नेलं, टिपणांची थैलीसुद्धा. हा जिवावर उदार होऊन त्यांच्या मागं गेला. बाकी सगळं ठेवा, एवढी टिपणं द्या, माझी विद्या त्यातच आहे म्हणाला. म्होरक्याला हसू फुटलं. आम्ही थैली उचलली की तुझी विद्या गेली, मग तू शिकलास ते काय? थैली मात्र त्यानं परत दिली. चरित्रकार सांगतात, गझालीनं पुढची तीन वर्षं ती टिपणं पाठ करण्यात घालवली. १०९१ मध्ये हाच माणूस बगदादच्या निजामिया या नामांकित मदरशात शिकवायला लागला.

आता तू लगेच घोकंपट्टीला बसशील, म्हणून हे पुढचं लिहितो. याबाबतीत मी इब्न खल्दूनच्या बाजूचा. ट्यूनिसचा हा इतिहासकार 'मुकद्दिमा' या ग्रंथात (१३७७) शिकण्या-शिकवण्यावरही भरपूर लिहून गेला आहे. त्याच्या काळी मोरोक्कोतल्या मदरशांत विद्यार्थ्यांची मुदत सोळा वर्षांची, ट्यूनिसमध्ये पाचच. तरी मोरोक्कोतली पोरं चर्चेत गप्प बसायची. पाठांतर त्यांचं इतरांपेक्षा चांगलं. पण बोलायची, वाद घालायची सवयच नाही.

इब्न खल्दूनची शिकवायची रीत तीन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत विषयाचे फक्त ठळक मुद्दे, तेही शिकणाऱ्याला झेपतील एवढेच. दुसरीत खुलासे आणि कुणाचं कुणाशी का पटत नाही ते. तिसरीत एकही गाठ न सोडवता पुढं जायचं नाही. हुशाराला कमी फेऱ्यांत भागतं, हेही तो कबूल करतो. (तू स्वतःला त्यात धरू नकोस, निदान यंदा.) दोन विषय एकदम घेऊ नयेत आणि मधे मोठा खंड पडू देऊ नये, असंही तो सांगतो.

त्याचा खरा राग संक्षेपांवर. मोठमोठे ग्रंथ पिळून केलेली ती पुस्तकं 'मुख्तसर' म्हणून चालायची. एकेका ओळीत इतकं ठासलेलं की पोरांचा वेळ ती ओळ उलगडण्यातच जायचा. मला आपली गाईडं आठवली, आणि तुझ्या नोट्सही. दिवाळीत तू दाखवलेल्या त्या पानावर नुसते बाण आणि आद्याक्षरं होती. 'हे काय?' विचारलं तर तुलाच सांगता आलं नव्हतं. मग पाण्यात नेमकं काय बुडालं?

रविवारी सकाळी ये. पहिलं प्रकरण पुस्तक मिटून मला सांग, अडशील तिथं मी विचारीन. फोन दुरुस्त होऊन यायची वाट बघू नकोस.

तुझे,
सर