व्यावसायिक आरोग्याचा जुना, फुगलेला अभ्यासक्रम मोजक्या तासांत कसा शिकवावा?

मीही हाच विषय शिकवतो, त्यामुळे तुमची अडचण नीट कळते. अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर मी सगळं वर्गात शिकवायचा हट्ट सोडला आहे. शिसं, पारा, कंपन, धुळीचे आजार ही यादी मुलं पुस्तकातून वाचू शकतात (परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतातच). वर्गातले बहुतेक तास मी एकट्या सिलिकोसिसला (सिलिकाची बारीक धूळ श्वासातून जाऊन होणारा फुफ्फुसांचा आजार) देतो.

आजार जुनाच, पण मी खाणीवरून लगेच स्वयंपाकघराच्या ओट्यावर येतो. ओट्यासाठी वापरतात त्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ग्रॅनाइटमध्ये साधारण ३० टक्के. तो दगड कोरडा कापणाऱ्या तरुण कामगारांना दहा वर्षांच्या आतच आजार झाल्याचं अनेक देशांत आढळलं. पुस्तकातला नेहमीचा सिलिकोसिस त्याहून बराच संथ असतो. मग इथे इतक्या लवकर का? एवढं विचारलं की धुळीचं प्रमाण, कणांचा आकार, संपर्काचा काळ, सगळं मुलांच्याच तोंडून येतं.

उपाय विचारला की पहिलं उत्तर हमखास ‘मास्क’. तो सगळ्यात शेवटी. आधी तो पदार्थच हद्दपार करता येईल का ते पाहायचं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. नाहीतर कमी सिलिकाचा पर्याय, मग पाणी सोडत कापणं, धूळ जागच्या जागी ओढून घेणं, मग कामाचे तास आणि पाळ्या. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की गोंगाट असो वा शिसं, मुलं तो स्वतः लावतात.

सिलिकोसिसमध्ये न बसणाऱ्या गोष्टींना एक तास ठेवतो. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्यामुळे २०१६ साली पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा दाखवला की मागचे बाकही जागे होतात. बिसिनोसिसच्या (कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार) ग्रेड वगैरेंसाठी एका पानाचं टिपण देतो. विभागप्रमुखांनी हिशेब मागितलाच तर अध्यापन-आराखड्यात ‘स्वयंअध्ययन’ असा रकाना आधीच भरून ठेवा.

एका बाबतीत मात्र सूट नाही. रुग्णाला त्याचं काम विचारा, हे रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली सांगून ठेवलंय. ‘व्यवसाय: मजूर’ एवढंच लिहिलेली केसशीट (रुग्णाची नोंद) मी मुलांना परत देतो. कसली मजुरी, किती वर्षं, त्याआधी काय करत होता, सोबतच्यांनाही असाच त्रास आहे का, हे विचारून या म्हणतो.