मशिन पाणीच घेत नाही, व्हॉल्व्ह बदलू की वायर जोडू?

प्रश्न : आमचं टॉप लोड वॉशिंग मशिन पाणी घेत नाही, थोडा वेळ थांबून एरर दाखवतं. नळाला प्रेशर आहे, पाइपजवळची जाळीपण धुतली. मागचं कव्हर उघडलं तर पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हची एक वायर उंदराने कुरतडलीय आणि टोकाला हिरवट काहीतरी जमलंय. मेकॅनिक म्हणतो व्हॉल्व्ह बदला, मिस्टर म्हणतात टेप मारून जोडू. घरी जमेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, जमेल, पण टेप मारून नाही. आणि व्हॉल्व्हचे पैसे तर एवढ्यात मुळीच घालवू नका, आधी तो तपासा.

नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, नळ बंद करायचा, मशिन इन्व्हर्टरवालं असेल तर दहा मिनिटं तसंच ठेवायचं आणि कुठली वायर कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. मग व्हॉल्व्हच्या दोन्ही थिंबल (वायरच्या टोकाला असलेल्या, पिनेवर बसणाऱ्या धातूच्या टोप्या) ओढून काढा (वायरला धरून ओढू नका, थिंबलला धरा) आणि मल्टिमीटर 20 किलोओहमवर ठेवून व्हॉल्व्हच्या दोन पिनांवर लावा. 230 व्होल्टच्या व्हॉल्व्हची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) बहुतेक 3 ते 5 किलोओहमच्या, म्हणजे 3 ते 5 हजार ओहमच्या आसपास दाखवते. तेवढं दाखवलं तर कॉइल चांगली आहे, दोष बहुधा वायरचा. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीय, मग मेकॅनिकचं बरोबर.

आता ते हिरवट म्हणजे तांब्याला चढलेला गंज. तो वायरच्या आत प्लास्टिकखाली पण सरकलेला असतो, म्हणून चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापत मागे जा, तसंच जोडलं तर चार दिवस चालतं आणि परत बंद. वायर कमी पडली तर 0.75 स्क्वेअर एमएमचा तुकडा जोडा, व्हॉल्व्हला करंट अगदी कमी लागतो. हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) मात्र आधी वायरीत ओवून ठेवा, मग सोल्डर करा आणि स्लीव्ह गरम करून बसवा. साधी टेप तिथल्या ओलाव्याने सुटते आणि उघडा जोड मशिनच्या पत्र्याला लागला तर शॉक बसू शकतो, कपडे काढताना ओले हात असतात हो, यात मी अजिबात तडजोड करणार नाही.

थिंबल नवीन लावा, क्रिंपिंगच्या पकडीने नीट दाबून. दोन वायरी उलटसुलट झाल्या तर चालतं, एसी कॉइल आहे. पण गरम-गार असे दोन व्हॉल्व्ह असतील तर त्यांच्या जोड्या बदलू देऊ नका. वायर व्हॉल्व्हच्या खाली थोडी झोळ देऊन वर आणा, म्हणजे थेंब आला तरी खालीच गळेल.

कव्हर लावून मगच प्लग घाला. व्हॉल्व्ह घुंss करून पाणी आलं की झालं. नाही आलं तर पीसीबीमधून (मशिन चालवणाऱ्या सर्किट बोर्डमधून) सप्लाय येत नसेल किंवा वायर पुढे आणखी कुठे तुटली असेल, आणि चालू मशिनमध्ये सप्लाय मोजणं घरी करू नका, तिथे मेकॅनिकच बोलवा.