स्वभावात आहे म्हणून योग्य?

प्रश्न : सूड घ्यावासा वाटणं माणसाच्या स्वभावातच आहे. मग 'नैसर्गिक नियम' (योग्य-अयोग्य माणसाच्या स्वभावातून, विवेकानं कळतं, हा विचार) मानणाऱ्यांच्या मते सूड योग्यच ठरतो का?

उत्तर : नाही. घोळ 'नैसर्गिक' या शब्दात आहे. हा विचार मांडणारे तेराव्या शतकातले ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस माणसाच्या मूळ ओढी सांगतात : जीव टिकवणं, मुलंबाळं वाढवणं, सत्य जाणणं, समाजात राहणं. मनात उसळणारी प्रत्येक ऊर्मी या यादीत बसत नाही. ओढींनाही विवेकाचा लगाम हवाच.

सुडाच्या मुळाशी एक खरी ओढ आहे, अपाय दूर सारण्याची. म्हणून अक्वायनस शिक्षेचा हेतू तपासतात. समोरच्याचं वाईट व्हावं एवढंच मनात असेल, तर ती शिक्षा अयोग्य, मग त्यानं आधी कितीही छळलेलं असो. तो सुधारावा, निदान आवरला जावा, इतरांना शांतपणे जगता यावं, यासाठी असेल तर योग्य.

नियम तपशिलात उतरले की अपवाद वाढतात, हेही ते मान्य करतात. विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू मागताच परत करावी. पण मायदेशाविरुद्ध लढायला कुणी ती मागत असेल, तर देऊ नये.